देवळाच्या अंगणातील जोर-बैठका

जमिनीची नोंद सातबाऱ्यावर असते, घराची नोंद ग्रामपंचायतीत असते, माणसाच्या जन्माची आणि मृत्यूचीही दप्तरी नोंद होते. परंतु गावातील तरुणांनी पहाटेच्या अंधारात किती जोर काढले आणि किती बैठका मारल्या, याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडत नाही. त्यामुळे गावाचा इतिहास सांगताना देऊळ, वेस, बाजार, शाळा यांचा उल्लेख येतो आणि तालीम तेवढी राहून जाते. वास्तविक देऊळ आणि तालीम या दोन संस्था महाराष्ट्रात एकमेकींच्या आधाराने वाढल्या आहेत. मंदिराच्या जीर्णोद्धारानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत त्या दुसऱ्या संस्थेचेही स्मरण करणे अप्रस्तुत ठरू नये.

जोर म्हणजे काय?

हिंदीत ज्याला दंड म्हणतात त्यालाच मराठीत जोर म्हणतात. दोन्ही हात खांद्यांइतक्या अंतरावर जमिनीवर टेकायचे, पाय मागे न्यायचे आणि कंबर वर उचलायची, म्हणजे शरीराचा आकार घराच्या आढ्यासारखा होतो. मग कोपरे वाकवून डोके दोन्ही हातांच्या मधून खाली न्यायचे, छाती जमिनीला न टेकवता अगदी जवळून पुढे काढायची आणि हात सरळ करीत छाती व मान वर उचलायची. पुन्हा कंबर वर घेत मूळ जागी आले की एक जोर पुरा झाला. बैठक त्याहून सोपी दिसते. पाठ ताठ ठेवून उकिडवे बसायचे आणि हातांच्या झोक्याबरोबर उठायचे. जोराने छाती, खांदे, दंड आणि पाठ तयार होते, बैठकीने मांड्या व पोटऱ्या. म्हणून तालमीत या दोघांचे नाव जोडीनेच घेतले जाते.

या व्यायामाचे वैशिष्ट्य असे की, त्यात बळ आणि लवचिकपणा ही दोन्ही कामे एकाच हालचालीत साधतात. शरीराच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भार हातांवर येतो, म्हणून बळ वाढते. आणि त्याच वेळी पाठीचा कणा एकदा वर व एकदा खाली असा कमानीसारखा ताणला जातो, म्हणून अंग आखडत नाही. निंदण, वखरणी, कापूस वेचणी ही शेतातील बहुतेक कामे माणसाला पुढे वाकवणारी आहेत. जोर त्याच पाठीला उलट दिशेने उघडतो. दिवसभर राबणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाला वेगळा व्यायाम कशाला हवा, असे पुष्कळदा विचारले जाते, त्याचे उत्तर यात आहे.

साध्या जोराखेरीज हनुमान दंड, वृश्चिक दंड, चक्रदंड असे त्याचे अनेक प्रकार आहेत. राममूर्ती दंड हा प्रकार आंध्रचे प्रसिद्ध बलोपासक प्रा. कोडी राममूर्ती नायडू (१८८२-१९४२) यांच्या नावाने ओळखला जातो. सर्व प्रकारांत सामान्य गोष्ट एकच. माणसाचे शरीर आणि साडेतीन हात जमीन, याखेरीज कसलेही साहित्य लागत नाही.

प्राचीन परंपरा

व्यायामाचा विचार आपल्या देशात फार जुना आहे. आयुर्वेदाच्या ग्रंथांनी व्यायामाची मर्यादाही सांगून ठेवली आहे. माणसाने आपल्या अर्ध्या शक्तीइतकाच व्यायाम करावा, आणि कपाळावर व काखेत घाम आला, तोंडाने श्वास चालू झाला, की ती मर्यादा आली असे समजावे, असा त्यांचा निर्वाळा आहे. पुढे बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. त्यात मल्लांचा आहार, त्यांचा सराव आणि त्यांच्या कुस्त्या यांचे वर्णन आहे. वजन उचलणे, चालणे, पोहणे, खांबावरचा व्यायाम असे श्रमाचे निरनिराळे प्रकार त्यात येतात. आजचा महाराष्ट्राचा मोठा भाग त्या काळी याच चालुक्यांच्या सत्तेखाली होता. म्हणजे मल्लविद्या या भूमीला किमान नऊशे वर्षे परिचित आहे.

मारुती आणि तालीम

देऊळ आणि तालीम यांची गाठ पक्की बांधण्याचे श्रेय परंपरेने समर्थ रामदासांना दिले जाते. समर्थांचा जन्म १६०८ साली जांब येथे झाला. हे गाव आता शेजारच्या जालना जिल्ह्यात आहे. धाडकरांना ते परके नाही. नाशिकजवळील टाकळी येथे समर्थांनी बारा वर्षे तप केले, आणि त्या काळात ते रोज बाराशे सूर्यनमस्कार घालीत, असे परंपरा सांगते. पुढे सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत त्यांनी अकरा मारुतींची स्थापना केली. शहापूर, मसूर, चाफळ, उंब्रज, शिराळे ही त्यांतील काही ठिकाणे होत. बलाची देवता गावोगाव बसली आणि तिच्यापुढे बलाची उपासना सुरू झाली.

तालमीत शिरताना पठ्ठ्याने उंबऱ्याला हात लावून तो कपाळी लावायचा, मारुतीला नमस्कार करायचा, माती मस्तकी लावायची आणि मगच लंगोट कसायचा, ही रीत सर्वश्रुत आहे. जोराची सुरुवातही जमिनीवर हात टेकून होते आणि देवापुढच्या दंडवताचीही तशीच होते. एकाच अंगणात एकजण दंडवत घालतो, दुसरा दंड काढतो; शब्दाचे मूळही एकच आहे, दंड म्हणजे काठी, काठीसारखे सरळ झालेले शरीर. आखाड्याची मातीही देवाच्या वस्तूइतक्याच काळजीने सांभाळली जाते. आपल्याकडील काळी माती वाळली की तिचे ढेकूळ होते, म्हणून आखाड्याला लाल माती आणतात, ती चाळतात आणि तिच्यात तेल, हळद, ताक घालून ती मऊ ठेवतात.

पेशवाईपासून इंग्रजीपर्यंत

उत्तर पेशवाईतील बाळंभटदादा देवधर हे नाव महाराष्ट्राच्या व्यायाम इतिहासात अग्रभागी आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी बाहेरून आलेल्या अली व गुलाब या पहिलवानांचे आव्हान या तरुणाने स्वीकारले, वणीच्या सप्तशृंगीवर जाऊन उपासना केली आणि परत येऊन कुस्ती जिंकली, अशी कथा सांगतात. मल्लखांबाच्या विद्येचे पुनरुज्जीवन त्यांनी केले, हे मात्र सर्वमान्य आहे.

त्यानंतरचे मोठे नाव लहुजी वस्ताद साळवे (१७९४-१८८१) यांचे. मातंग समाजात जन्मलेल्या या वस्तादांनी पुण्यात तालीम चालविली. महात्मा जोतीराव फुले यांनी दांडपट्टा व नेमबाजीचे शिक्षण त्यांच्याकडेच घेतले. ज्या काळी देवळाचा उंबरठा अनेकांना बंद होता, त्या काळी या तालमीत एका मातंग वस्तादाच्या पायाशी इतर जातींची मुले विद्या घेत होती. सर्वच तालमी इतक्या मोकळ्या होत्या असे म्हणता येणार नाही. जातीजातींच्या आणि पेठापेठांच्या निराळ्या तालमीही होत्या. परंतु घामाने भिजलेल्या दोन अंगांची मातीत गाठ पडली की सोवळे टिकत नाही, हे तालमीने देवळाच्या आधी ओळखले होते. आज मंदिराचा जीर्णोद्धार सर्व गावाच्या हातांनी होत असताना ही गोष्ट विसरू नये.

१८७८ साली इंग्रज सरकारने शस्त्रांचा कायदा केला. परवान्यावाचून शस्त्र बाळगणे गुन्हा ठरले आणि तलवार, भाला, बंदूक लोकांच्या हातून गेली. दांडपट्टा करमणुकीपुरता उरला. पण जोर आणि बैठक यांना परवाना लागत नव्हता. पारतंत्र्यात बलोपासना जिवंत राहिली त्याचे एक कारण हेही आहे. लोकमान्य टिळकांनी पुण्यात महाविद्यालयात असताना पहिले वर्ष मुख्यतः शरीर कमावण्यात घालविले, त्यापायी परीक्षेत अपयशही पत्करले. आणि पुढच्या आयुष्यात तुरुंगवासाचे कष्ट सोसण्यास तेच शरीर उपयोगी पडले, असे त्यांचे चरित्रकार आवर्जून सांगतात.

वऱ्हाडातील कामगिरी

वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. धाड हे बुलढाणा तालुक्यातील मराठवाड्याच्या बाजूचे गाव. एका अंगाला इंग्रजी अंमल आणि दुसऱ्या अंगाला १९४८ पर्यंत निजामाची सत्ता, अशा सीमेवर या परिसराच्या कित्येक पिढ्या गेल्या. राज्ये दोन होती, पण भाषा, देव आणि यात्रा एकच होत्या.

याच बुलढाणा जिल्ह्यात शेगावी १८७८ साली श्री गजानन महाराज प्रकट झाले. दासगणू महाराजांच्या ‘श्री गजानन विजय’ या ग्रंथातील हरी पाटलाची कथा भाविकांना पाठ आहे. शेगावच्या पाटलांच्या घरातील हा तरुण कुस्तीत नावाजलेला होता आणि त्याला शक्तीचा गर्व होता. त्याने महाराजांना कुस्तीचे आव्हान दिले. महाराज तालमीत गेले, खाली बसले आणि म्हणाले की आधी मला उठवून दाखव. हरी पाटलाने सारे बळ लावले, पण महाराज जागचे हलले नाहीत आणि त्याचा गर्व उतरला. भाविक या कथेत महाराजांची थोरवी पाहतात आणि ते योग्यच आहे. इतिहासाच्या दृष्टीने तीत आणखी एक गोष्ट दिसते. त्या काळच्या वऱ्हाडी गावात तालीम ही देवळाइतकीच नित्याची जागा होती. संताला देवळातून तालमीत जाण्यात काही वावगे वाटले नाही.

वऱ्हाडच्या बलोपासनेला संस्थेचे रूप आले ते अमरावतीत. १९१४ साली अंबादासपंत व अनंतराव या वैद्य बंधूंच्या पुढाकाराने तेथे हनुमान आखाडा सुरू झाला. त्यातूनच श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ही भारतभर नाव झालेली संस्था उभी राहिली. हुतात्मा राजगुरू यांनीही काही काळ या आखाड्यात शिक्षण घेतले होते. १९३६ साली जर्मनीत बर्लिन येथे ऑलिंपिक सामने झाले. त्या सामन्यांत ध्यानचंदांच्या हॉकी संघाने सुवर्णपदक जिंकले, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्याच वेळी अमरावतीच्या या मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय व्यायाम व खेळ यांची प्रात्यक्षिके करून दाखविली, हे आपल्या विभागातील पुष्कळांना आज ठाऊक नसते. मारुतीपुढच्या मातीत घाम गाळलेली वऱ्हाडी मुले बर्लिनपर्यंत पोहोचली होती.

औंध, बडोदे आणि कोल्हापूर

त्याच सुमारास महाराष्ट्राबाहेर व महाराष्ट्रातही या विद्येला राजाश्रय मिळाला. औंधचे राजे भवानराव पंत प्रतिनिधी (१८६८-१९५१) यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला. ते स्वतः रोज नमस्कार घालीत. संस्थानातील शाळांत त्यांनी ते आवश्यक केले आणि स्त्रियांनीही नमस्कार घालावेत असा आग्रह धरला. त्यांचे इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. सूर्यनमस्कार आणि जोर ही सख्खी भावंडे आहेत. साष्टांग स्थितीतून छाती वर उचलणे आणि मग कंबर वर घेणे, ही चाल दोहोंत सारखी आहे. नमस्कारात ती सावकाश व श्वासाच्या तालावर होते, जोरात ती सलग व वेगाने होते.

बडोद्यास प्रा. माणिकराव यांनी आपले गुरू जुम्मादादा यांच्या नावाने व्यायाममंदिर चालविले. त्याच नगरीतून दत्तात्रेय चिंतामण मुजुमदार यांनी ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा मराठी खंड १९३६ ते १९४९ या काळात प्रसिद्ध केले. वस्तादांच्या तोंडी असलेली विद्या कागदावर आली, हे मराठी भाषेवर मोठे उपकार आहेत. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधून कुस्तीला कायमचे घर दिले. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

जोर-बैठकांची कीर्ती सर्वांत दूर नेली ती गामा पहिलवानाने. १९१० साली तो लंडनला गेला आणि अमेरिकेच्या डॉ. रोलर याला त्याने चीत केले. पोलंडचा झिबिस्को तर त्याच्यापुढे बचावाखेरीज काही करू शकला नाही. गामाच्या रोजच्या जोर-बैठका हजारांच्या हिशेबात सांगितल्या जातात. आज परदेशातील व्यायामशाळांत जोराला ‘हिंदू पुशअप’ आणि बैठकीला ‘हिंदू स्क्वॉट’ म्हणतात. जपानचे व्यावसायिक कुस्तीगीरही शेकड्याने बैठका मारतात.

आज काय उरले?

परदेशाने नाव दिले, पण गावातील स्थिती काय आहे? कित्येक गावी जुन्या तालमीची भिंत पडली ती पुन्हा उभी राहिली नाही. वस्ताद थकले, मागे कोणी तयार झाला नाही. शेतातील कष्टाची कामे ट्रॅक्टरने उचलली. मोबाईलमुळे रात्री जागरण आणि पहाटे झोप अशी उलटी रीत आली. तालुक्याच्या ठिकाणी यंत्रांच्या व्यायामशाळा निघाल्या, पण त्यांची महिन्याची फी मजुराच्या मुलाला परवडत नाही. पोलीस आणि सैन्य भरतीची तयारी करणारी मुले पहाटे वाहनांच्या रस्त्यावर धावताना दिसतात, कारण गावात त्यांना दुसरी जागा नाही.

आणखी एक कारण आहे आणि ते जीर्णोद्धाराशी निगडित आहे. जुने देऊळ लहान असले तरी त्याला मातीचे अंगण असे. नवे देऊळ मोठे होते, सभामंडप येतो, सर्वत्र गुळगुळीत फरशी बसते. फरशी स्वच्छ दिसते, धुण्यास सोपी असते, सप्ताहाच्या पंगतीला सोयीची असते, हे सर्व खरे. पण घामाने ओल्या झालेल्या फरशीवर जोर काढताना हात घसरतो, आणि तिच्यावर कुस्ती तर होतच नाही. अशा रीतीने कोणीही ठरविलेले नसताना, कोणाचा विरोध नसतानाही, देवळाच्या अंगणातून तालीम निघून जाते. ती गेली हे गावाच्या लक्षात येते तेव्हा एक पिढी लोटलेली असते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे की, प्रौढ माणसाने आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. मधुमेह आणि रक्तदाब हे रोग आता खेड्यातही सर्रास आढळतात. आपल्या आजोबांनी हे प्रमाण कोणी न सांगता पाळले होते.

जोर-बैठका करताना संख्येच्या मोहात मात्र पडू नये. गामाचा आकडा गामाला शोभतो. नवशिक्याने दहा जोर आणि वीस बैठकांनी आरंभ करावा व आठवड्याला थोडीथोडी वाढ करावी. मनगट, गुडघा किंवा कंबर दुखू लागली तर थांबावे. हृदयविकार किंवा रक्तदाब असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. अर्ध्या शक्तीचा जुना नियम आजही तितकाच खरा आहे.

गावाने काय करावे?

देवळाच्या आवारात किंवा लगतच्या मोकळ्या जागेत दहा-पंधरा हात लांबीरुंदीचा मातीचा चौक फरशीवाचून राखून ठेवावा. त्यावर साधे छप्पर असावे आणि एक दिवा. पहाटेची एक तास वेळ ठरवून द्यावी. ज्यांनी तारुण्यात तालीम केली अशा वडीलधाऱ्यांपैकी एकाने मुलांचे जोर मोजावेत आणि त्यांची चूक सुधारावी. त्यासाठी वेगळ्या वर्गणीची गरज पडणार नाही. हा चौक सर्व जातिधर्मांच्या मुलांना मोकळा असावा. मुलींसाठीही स्वतंत्र वेळ असावी. जिजाऊसाहेबांचे जन्मस्थान सिंदखेडराजा याच जिल्ह्यात आहे, आणि २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे पदक साक्षी मलिक या मुलीने आणले, हे ध्यानात घेता त्याबद्दल कोणाचे दुमत असण्याचे कारण नाही.

देवळाच्या दगडविटांचा जीर्णोद्धार दोन-तीन पिढ्यांत एकदा होतो. शरीराचा जीर्णोद्धार रोज पहाटे करावा लागतो, आणि तो ज्याचा त्यालाच करावा लागतो. नव्या कळसाकडे पाहताना गावाच्या नजरेला मातीचा तो लहानसा चौकही दिसावा, त्यात पुन्हा जोर-बैठका घुमाव्यात आणि गावची मुले निरोगी व निर्व्यसनी व्हावीत, हीच श्रींच्या चरणी प्रार्थना.